पुढच्या खोलीतलं धरण

५ जानेवारी

पुढची खोली आज रिकामी झाली. कागदाचे गठ्ठे गेले, पुठ्ठे गेले, खळीची पातेली घासून माळ्यावर टाकली. राहिला तो प्रेस. बांधलेली पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, वर भलंमोठं आडवं चाक. ते फिरवलं की जाड फळी खाली येते. चिरंजीव आणि तीन हमाल मिळून ढकलत होते. तो तसूभर हलला नाही. मला हसू आलं, ते मी खोकल्यावर नेलं.

हे पुस्तकांची बांधणी करायचे. ते गेले त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून खोली बंदच होती. आता सुनेने नोकरी सोडली आहे आणि तिथे व्हीआर खेळांचं दुकान काढते आहे. घोड्याला लावतात तशी झापडं डोळ्यांवर चढवायची, दोन्ही हातांत एकेक मूठ धरायची आणि उभ्या जागी दुसऱ्या जगात जायचं. मी विचारलं, "म्हणजे माणूस जातो कुठे?" ती म्हणाली, "कुठेच नाही, आई. तीच गंमत आहे."

चिरंजीवांनी अट घातली आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत बघायचं. दुकान चाललं तर चाललं. नाहीतर सून परत नोकरीवर, खोली शेजारच्या औषधवाल्याला भाड्याने, आणि प्रेस भंगारात. कारण औषधवाल्याला जमीन मोकळी हवी आहे.

मला प्रेसचं तसं काही नाही. एवढं जड लोखंड उगाच हलवू नये, इतकंच माझं म्हणणं.

११ जानेवारी

मला काम मिळालं आहे. झापडं लावलेल्या माणसाच्या मागे मागे फिरायचं आणि तो भिंतीकडे निघाला की खांद्याला धरून वळवायचं. लहान मूल चालायला लागलं की आपण करतो तेच. फक्त ही मुलं टक्कल पडलेली असतात.

यंत्रं तापू नयेत म्हणून खोलीत एसी लावून ठेवतात. मी यांचा राखाडी स्वेटर काढला. बाह्या लांब होतात, पण ऊब आहे.

आज कोपऱ्यावरचे वकील आले होते. दिसायला किती गंभीर माणूस! झापडं लावली आणि "मागे व्हा! सगळे मागे व्हा!" म्हणून ओरडत रिकाम्या कोपऱ्यावर गोळ्या झाडायला लागले. मग कसल्याशा राक्षसाला चुकवायला बाजूला उडी मारली आणि प्रेसला कडकडून मिठी घातली. बराच वेळ सोडेनात. नंतर म्हणाले, "या जगात तेवढीच एक भरवशाची वस्तू होती."

पण गुडघा सोललाच.

१७ जानेवारी

वन्सं आल्या होत्या. दारातच सुरू झाल्या.

"वहिनी, काय गं हे? धडधाकट माणसं पैसे देऊन आंधळी होतात?"

"अर्ध्या तासापुरती."

"आणि तू त्यांच्यामागे का फिरतेस?"

"आपटू नयेत म्हणून."

"माझा भाऊ जन्मभर तुझ्यामागे का फिरत होता, ते आज कळलं मला."

सुनेने हसत हसत त्यांनाच झापडं लावली. भुतांचा खेळ होता. वन्संनी बंदूक एकदाही चालवली नाही. भूत समोर आलं की कमरेवर हात ठेवून, "हो बाजूला! तोंड धुतलंस का कधी?" दुसऱ्याला म्हणाल्या, "तुझी आई कुठे आहे, बोलाव तिला." बाहेर थांबलेली गिऱ्हाईकं पोट धरून हसत होती. मग एक भूत मागून आलं असावं, कारण त्या वळल्या आणि प्रेसचा कोपरा थेट कमरेत बसला.

झापडं काढून त्यांनी भुतांना सोडलं आणि प्रेसला धरलं. "हे धूड आधी बाहेर काढा! मेला माझा भाऊ, आता मला मारायचंय का?"

चिरंजीव जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई, आता आणखी कुणाला लागलं, तर फेब्रुवारीचीही वाट बघायची नाही."

मी भात वाढला.

२२ जानेवारी

सून सकाळपासून प्रेसपुढे मांडी घालून बसली होती. टेप घेऊन मापं काढली, फोटो काढले. दुकान बंद. मी म्हटलं झालं, भंगारवाल्याला मापं द्यायची असणार.

दुपारी विचारते, "आई, हे चाक अजून फिरतं का हो?"

"न फिरायला काय झालं? उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल."

"मी फिरवून बघू?"

"नको. आत पुस्तक आहे."

हे खरंच होतं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी यांनी एक पुस्तक दाबायला लावलं होतं. संध्याकाळी काढू म्हणाले होते. मग ते राहूनच गेलं. मुद्दाम ठेवलं असं नाही.

सून म्हणाली, "मी चहा ठेवते," आणि आत गेली. चहाला तिला इतका वेळ कधी लागत नाही. मी चाक डावीकडे फिरवलं. कुरकुरलं, पण सुटलं. पुस्तक काढलं. कुक्कुटपालनाचं निघालं. लोकांना काय वाटेल ते वाटो, इतकं सपाट बसलेलं पुस्तक मी आजवर पाहिलेलं नाही. टेबलावर ठेवलं की टेबलच वाटतं.

मला वाचायला शिकवलं ते याच खोलीने. छापखान्यातून सुटे फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, यायचे, हे शिवायचे आणि मी घड्या घालता घालता वाचायचे. गठ्ठ्यातला जो फर्मा हाताला येईल तो. त्यामुळे पुष्कळ पुस्तकांचं मला मधलंच ठाऊक आहे. हे मात्र पहिल्या पानापासून धरलं आहे. कोंबड्यांना खोकला होतो हे आजपर्यंत माहीत नव्हतं.

चहा गार होऊन आला. सुनेचे डोळे लाल होते. स्वयंपाकघरातला धूर बाहेर जात नाही, खिडकीचं काहीतरी करायला हवं.

३ फेब्रुवारी

धरण तयार झालं.

सुनेने प्रेस हलवायच्या ऐवजी खेळच प्रेसभोवती बांधला. काडेपेटीएवढं एक यंत्र चाकाला चिकटवलं, म्हणजे चाक कुठे आहे आणि किती फिरलं ते झापडांना कळतं. खेळणारा धरणाचा पहारेकरी. वरून पूर येतो, खाली गाव आहे, दरवाजा बंद करायचा तर चाक फिरवायचं. डोळ्यांना दिसतं तेही चाक आणि हाताला लागतं तेही चाक. आता प्रेसवर कुणी आपटत नाही, कारण सगळ्यांना तो दिसतो. आणि मला ठरीव काम: एकाचा खेळ संपला की पुढच्यासाठी चाक डावीकडे फिरवून फळी वर घ्यायची.

सून म्हणाली, "पहिली तुम्ही."

मी कुठली जाते! पण तिने झापडं चढवलीच. मी धरणावर उभी होते. खाली गावात दिवे लागलेले. वारा कानात वाजत होता. पायाखाली इतकं खोल होतं की मी यांचा स्वेटर दोन्ही मुठींत धरून ठेवला. सून म्हणाली, "चाक धरा, आई." हात पुढे केला तर थंड लोखंड. चाकाच्या एका जागी रंग उडालेला आहे, यांचा अंगठा जिथे यायचा तिथे. त्या जगात चाक नवंकोरं लाल दिसत होतं. पण बोटांना ती जागा लागलीच.

फिरवत राहिले. गाव वाचलं.

काचा आतून ओल्या झाल्या होत्या. सून पुसत म्हणाली, "धुकं धरलं का हो?" मी म्हटलं, "धरण आहे ना, दमट असणारच."

८ फेब्रुवारी

शाळेतल्या ग्रंथपाल बाई येऊन गेल्या. त्यांचा मोठा शब्दकोश पाठीतून सुटला आहे, बांधून देता का म्हणाल्या. मी म्हटलं, आता करणारं कोण आहे? म्हणाल्या, तुम्ही. मला नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

शिवला, खळ लावली. आता दाबायला ठेवायचा कुठे? प्रेस आहेच. सुनेची जागा, तिचा धंदा, आपली लुडबुड तिला आवडेल न आवडेल, म्हणून ती बँकेत गेल्यावर गुपचूप आत सरकवला. वरची फळी मोठी आहे, बाजूने काही दिसत नाही. गिऱ्हाईक उजवीकडे फिरवतंच आहे, आपलं काम फुकटात होतं. हे बरोबर की चूक ते मला ठरवता येत नाही.

दुपारी वकील आले होते. घामाघूम होऊन बाहेर आले. "आज पाण्याला काय जोर होता हो! परवा असा नव्हता."

सुनेने काहीतरी सुधारणा केली असणार. पोरगी हुशार आहे.

१२ फेब्रुवारी

शब्दकोश देऊन टाकला. बाईंनी बोट फिरवून बघितलं आणि आणखी तीन पुस्तकं टेबलावर ठेवली. आज कवितांचं एक पातळ पुस्तक लावलं.

गिऱ्हाईकं नाराज. एक मुलगी म्हणाली, "कालच्या मानाने आज पूर म्हणजे नळ गळतोय."

सून संध्याकाळभर कंप्युटरपुढे. "मी कशालाच हात लावलेला नाही, आई! काल लोक टाळ्या वाजवत होते, आज तोंडं वाकडी. काय होतंय तेच कळत नाही." बिचारीला जेवण गेलं नाही. मी म्हटलं, लोकांची तऱ्हाच असते.

१६ फेब्रुवारी

रेल्वेची जुनी वेळापत्रकं, सगळी एकत्र बांधायला आली. चांगली जाड. आज लावली.

तालमीत जाणारे दोघे भाऊ खेळायला आले. दोघांनी मिळून चाक फिरवलं आणि तरी गाव बुडता बुडता वाचलं. बाहेर जाऊन त्यांनी अख्खी तालीम बोलावून आणली. रस्त्यापर्यंत रांग. औषधवाला दारात येऊन बघून गेला. त्याचा चेहरा पाहून बरं वाटलं. असं वाटू नये, पण वाटलं.

१९ फेब्रुवारी

मोठ्या कंपनीचे साहेब चोवीस तारखेला येणार! त्यांची खेळांची केंद्रं गावोगाव आहेत. कुणीतरी त्यांना सांगितलं की एका खोलीत एक धरण आहे आणि पाणी हाताला लागतं. त्यांना आवडलं तर खेळ घेतील. मग चिरंजीवांना बोलायला जागा राहणार नाही. नाही आवडलं तर फेब्रुवारी संपायला उरलंच काय?

सून घरातल्या घरात चालते आहे. मी तिला म्हटलं, "तू बस. खोलीचं मी बघते."

२३ फेब्रुवारी

खोली लख्ख केली. काचा पुसल्या, वायरी गुंडाळल्या. प्रेसमध्ये ग्रंथपाल बाईंचा ज्ञानकोश आणि आणखी दोन पुस्तकं होती, ती काढून आतल्या कपाटात ठेवली. पाहुण्यासमोर पसारा नको. प्रेसला तेल दिलं. चाक आता एका बोटाने फिरतं.

२४ फेब्रुवारी

सगळं नीट लिहून काढते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही.

साहेब म्हणजे पोरगाच, चिरंजीवांपेक्षा लहान. पण सोबत बॅग, बोलणं कमी. झापडं लावली. पूर आला. त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरून जोर लावला आणि चाक भोवऱ्यासारखं गर्रकन फिरलं. ते पडता पडता वाचले. मी खांदा धरला म्हणून.

"अहो, पाणी कुठे आहे?"

सून म्हणाली, "पूर पूर्ण जोरात आहे, सर. दिसतोय ना?"

"दिसतोय हो. हाताला काही नाही. लोक तर म्हणत होते खांदे भरून येतात."

सुनेचा चेहरा पांढरा झाला. ती कंप्युटरकडे धावली. आणि मी तिथे उभी, चाकाकडे बघत. शब्दकोश होता तेव्हा पूर होता. कविता होत्या तेव्हा नळ गळत होता. काल मी पुस्तकं काढली. इतके दिवस मी रोज हेच लिहीत होते, आणि कळलं ते आत्ता!

आत पळाले. ज्ञानकोश, वरची दोन, हाताला आलं ते सगळं छातीशी धरून आणलं. सून डोळ्यांनी विचारते, हे काय? मी डोळ्यांनीच म्हटलं, गप्प. झापडं लावलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या नाकासमोर संसार मांडला तरी कळत नाही.

सून सावरून म्हणाली, "सर, एक मिनिट हात बाजूला घ्या. दरवाजा पुन्हा वर घेते."

मी चाक डावीकडे फिरवलं. फळी वर. पुस्तकं आत सरकवली, नीट बसावीत म्हणून हात खोल घातला. तेवढ्यात साहेबांना धीर धरवेना. त्यांनी चाक पकडलं आणि फिरवलं. हात वेळेवर निघाला. बाही राहिली.

ओढून बघितली. निघेना. फळी खाली येत होती आणि तिच्याबरोबर मी. शेवटी मी प्रेसपुढे अशी वाकून उभी, जणू त्याच्या कानात काही सांगते आहे. वर साहेब दात खात होते.

"आला! आता आला! बापरे, काय जोर आहे! ते गाव... गाव वाचलं पाहिजे!"

मला सवय आहे गिऱ्हाइकाला धीर द्यायची. तोंडून निघून गेलं, "वाचेल, वाचेल. सावकाश."

साहेब थांबले. "कोण बोललं?"

सून म्हणाली, "गावातली बाई आहे, सर."

"आवाज किती खरा आहे!" म्हणाले, आणि आणखी जोर लावला.

गाव वाचलं. साहेबांनी झापडं काढली. घाम पुसला. मग खाली बघितलं, तर मी.

"ह्या कोण?"

"आमच्या सासूबाई."

"ह्या काय करताहेत?"

सुनेने माझ्याकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, फळीखालून दिसणाऱ्या ज्ञानकोशाच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला वाकलेल्या मानेने सगळं दिसलं नाही. मग ती म्हणाली, "सर, पूर ह्याच आहेत."

साहेब जे हसायला लागले ते जमिनीवर बसले. सूनही बसली. मी म्हटलं, "आधी कुणीतरी डावीकडे फिरवा!"

चहा झाल्यावर साहेबांनी बॅगेतून मोजे काढले. हातमोजे, वायरी लावलेले. "काकू, हे पुढच्या काळातलं. घालून बघा." घातले. हवेत चाक होतं! खरंच होतं. जड होतं, थंडही लागलं. मी मनापासून सांगितलं, "छान आहे हो." ते खूश झाले. म्हणाले, आणखी काही वर्षांत खोली लागणार नाही, लोखंड लागणार नाही. घरबसल्या वजन, ऊब, वारा, सगळं हाताला कळेल. कुणी हात हातात घेतला तर तोसुद्धा, हुबेहूब.

"कुणाचाही?"

"कुणाचाही, काकू."

मी मोजे काढून दिले. आत घाम येतो. मग विचारलं, "पण ह्यात पुस्तक ठेवायचं कुठे?"

"पुस्तक कशाला?"

"दाबायला."

त्यांनी मोजे बॅगेत ठेवले. त्यांचं काम वेगळं आहे, मी समजू शकते.

जाताना ते सुनेला म्हणाले, "खेळ आम्ही घेतो. मोज्यांवर बसवू. सासू प्रत्येक गावाला कुठून पुरवणार? आणि ही खोलीही आम्हाला द्या. जमीन नवी करू, पाटी लावू, हे लोखंड हलवायला आमची माणसं येतील. तुम्ही फक्त चालवा."

सुनेने चहाचे कप उचलले. मग म्हणाली, "खेळ घ्या. खोली नाही देता येणार. खोलीत सामान आहे."

२५ फेब्रुवारी

खेळ विकला गेला, तसे चिरंजीव गप्प झाले. औषधवाल्याला नकार कळवला. सगळ्यांची तोंडं हसरी आहेत. माझं नाही.

पोरीला धंद्याची अक्कल नाही. नवी जमीन मिळत होती, पाटी मिळत होती, ती नको म्हणाली. कशासाठी, तर सामान! सामान म्हणजे तिचे कंप्युटर. ते काय, एका दिवसात हलले असते. मी तसं तिला तोंडावर सांगितलं. ती नुसती हसली आणि माझी वाटी घेऊन घासायला गेली. मला राग आला. आता हिच्याशी चार दिवस बोलायचं नाही, ठरवलं आहे. मोठ्या माणसाने सांगितलेलं हसण्यावारी नेऊ नये.

प्रेस गेला असता, हे खरं. गेला असता तर गेला असता. आपण त्याला काय करणार.

स्वेटरच्या बाहीला प्रेसने इस्त्री केल्यासारखी घडी बसली आहे. मोडत नाही.

२७ फेब्रुवारी

अबोला चालू आहे. सुनेने काही विचारलं तर मी भिंतीला उत्तर देते. भिंतीच्या वतीने ती "बरं" म्हणते.

वन्संचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाल्या, "वहिनी, एवढी पुस्तकं वाचलीस, तुला कशातलं काही कळतं का गं?" मी म्हटलं, काय कळायचं आहे? त्यांनी फोन ठेवला. त्यांनाही हल्ली राग लवकर येतो.

२८ फेब्रुवारी

आज महिना संपला. सकाळपासून रांग. मी काम करते आहे, बोलत नाही.

दुपारी गिऱ्हाईक थांबलं तेव्हा सुनेने स्वतः झापडं लावली. पुढच्या खेळासाठी काहीतरी बघायचं होतं. धरणावर उभी राहिली, चाक धरलं, फिरवलं. नुकतीच मी फळी वर घेतली होती, आत काही नव्हतं. ती वाट बघत थांबली. मग तशीच, डोळे बांधलेली, मला सोडून भलत्याच बाजूला तोंड करून म्हणाली, "आई, पूर आला नाही हो अजून."

मी गप्प बसले.

"आई, खाली गाव आहे."

अबोला आपल्या जागी, पण असं कुणाला ताटकळत ठेवतात का? दोन जाड पुस्तकं उचलली, सरकवली, हात आधी काढला आणि म्हटलं, "फिरव आता."